डाव्या अंगठ्याची खूण

जमीन हलली तेव्हा संगिताच्या हातात एक चिकू होता, आणि तो तसाच मुठीत धरून ती पळाली.

शेडमधल्या सहाही बायका पळाल्या. नोव्हेंबरपासून त्यांना भूकंपाच्या धक्क्यांची सवयच झाली होती. आधी वरचा पत्रा थरथरायचा, मग टेबलावरचे चिकू आपोआप सरकायला लागायचे, आणि पत्रा थांबायच्या आत सगळ्या जणी अंगणात. त्या दिवशी मात्र दारातून बाहेर पडताना संगिता कुणावर तरी जाऊन आदळली. त्या माणसाच्या खांद्यावरचा क्रेट खाली आला आणि शंभरेक चिकू अंगणभर घरंगळले... जमीन थांबली तरी ते थांबेनात.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"मला नाय. चिकूंना लागलं."

तो हसला. मग दोघंही गुडघ्यांवर बसून चिकू वेचू लागले. सरावली गावची ती चिकूची वाडी, जानेवारीची सकाळ, झाडांखालचा पाचोळा अजून दवाने ओला. त्याच्या शर्टाला खाऱ्या वाऱ्याचा वास होता. डोळे शांत, हात मोठे, आणि त्या मोठ्या हातांनी तो चिकू असे उचलत होता, जशी अंडीच. संगिताला ते बघायला आवडलं. आणि आवडलं हे कळताच तिने मान दुसरीकडे वळवली.

"तो हातातला द्या ना," तो म्हणाला.

तिने मूठ उघडली. त्याने चिकू घेतला, उलटा केला. सालीवर नखाची ताजी कोर उमटली होती, मधोमध तुटलेली. त्याने एकदा त्या कोरेकडे पाहिलं, एकदा संगिताच्या डाव्या अंगठ्याकडे. आणि चिकू क्रेटमध्ये न टाकता हळूच खिशात घातला.

संगिताच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

अर्ध्या तासाने श्यामकांतशेठ आले आणि तो माणूस कोण ते कळलं.

"हा उमेश तांडेल. धाकटी डहाणूचा, बंदरावरचा. आजपासून शेड हा बघेल," शेठ म्हणाले. "दिल्लीचा व्यापारी रोज फोन करतो. शंभर खोक्यांतली पंधरा सडकी निघतात. गेल्या वर्षी दोन निघत नव्हती. वाडी तीच, बाया त्याच. मग झालं काय? होळीपर्यंत बघतो. नाही सुधारलं तर वलसाडहून ठेकेदाराची माणसं येतील, त्यांचं मशीन घेऊन. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

बायका खाली मान घालून उभ्या राहिल्या. संगिताची मान मात्र वर होती. चिकू निवडायचं हे टेबल तिचं होतं. सात वर्षांपूर्वी ती एकटी इथे आली, आणि मग तलासरीकडच्या आपल्या पाड्यावरून एकेकीला हाताला धरून घेऊन आली — म्हातारी बायजी, वैशाखात लग्न ठरलेली रूपी, पाळण्यात लेकरू ठेवून येणारी सुकी, आणखी दोघी. टेबल गेलं तर सहा चुली गार पडणार होत्या, आणि त्या बायकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं होतं ते संगितालाच.

चूक काय होती, हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. चिकू तयार आहे की कच्चा, हे नुसतं बघून समजत नाही. जाणता हात अंगठा फिरवतो. वरची तपकिरी भुकटी सहज उडाली की फळ तयार. ज्याच्या हाताला खात्री नाही तो नख लावतो — साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर पाठवायचा. पण नख लागलेला चिकू ट्रकच्या उबेत तिसऱ्या दिवशी काळा पडतो आणि शेजारच्या चौघांनाही घेऊन बुडतो. पूर्वी त्यांच्यातली एकही नख लावत नसे. आता सगळ्या लावत होत्या. आणि कुणी कुणाला बोलत नव्हतं.

*

उमेश ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस कळतो तरी. हा ओरडेना.

तो टेबलाच्या टोकाला बसायचा आणि स्वतःच चिकू निवडायचा. इतकं वाईट, की बायजीला राहवायचं नाही.

"अरे बाबा, हा कच्चा. हा पण कच्चा. तू मासे बघ बरं."

"माशाचा कल्ला उघडून ताजेपणा बघता येतो, बायजीताई. ह्याला कल्लाच नाही."

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. संगिता हसायची नाही. तिचं लक्ष त्याच्या वरच्या खिशातल्या छोट्या वहीकडे असायचं. मधूनच तो वही काढायचा, घड्याळ बघायचा, टेबलावरून नजर फिरवायचा आणि काहीतरी लिहायचा. आणि दुपारच्या चहाला बायका उठल्या की टेबलावरून चार-सहा चिकू उचलून आपल्या कापडी पिशवीत टाकायचा. रोज.

"नावं लिहितोय," घरी जाताना टेम्पोत संगिता म्हणाली. "कुणाला आधी काढायचं त्याची यादी."

"मग तुझं नाव पहिलं," रूपी म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना ताई म्हणतो. बायजीला ताई, मला पण ताई. तुला एकटीला नुसतं संगिता."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते तू बघ, बाय."

संगिताने बघितलं, आणि तिला ते आणखीच संशयाचं वाटलं. ज्याला उद्या घालवायचं त्याच्याशी नातं कशाला लावा, असंच असणार... दुसरं काय असणार?

दुसऱ्या दिवशी तिने त्याला नळावर गाठलं.

"साहेब, काय लिहिता त्या वहीत?"

"साहेब नका म्हणू."

"मग काय म्हणू? तुम्ही मला ताई म्हणत नाही, मी तुम्हाला दादा म्हणणार नाय."

पाण्याची बाटली भरून वाहायला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"नकाच म्हणू," तो शेवटी म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. संगिताने तेही टिपून ठेवलं. खोटं बोलणाऱ्याचे कान लाल होतात, असं तिने मनाशी ठरवलं.

*

तिसऱ्या आठवड्यात तिचा धीर सुटला. दुपारच्या चहानंतर उमेश ट्रकवाल्याशी बोलायला फाटकाकडे गेला. त्याची पिशवी खुंटीला लटकत होती. इतर बायका पेले धुवायला गेल्या होत्या. संगिताने पिशवी उतरवली आणि उघडली.

आत सात चिकू होते. तिने एक फिरवून पाहिला. नखाची कोर, मधोमध तुटलेली. दुसरा... तीच. तिसरा, चौथा... सगळे तिचेच. लहानपणी डाव्या अंगठ्यावर जात्याची तळी पडली होती. तेव्हापासून नखाला मध्ये खाच होती. अशी खूण साऱ्या तलासरी तालुक्यात दुसऱ्या कुणाची उमटली नसती.

म्हणजे यादी नव्हती. नावच एक होतं.

"ते माझे आहेत," मागून आवाज आला.

उमेश दारात उभा होता.

"तुमचे?" ती वळली. "ही खूण कुणाची, मला कळत नाय वाटतं? शेठला दाखवायला गोळा करता ना? सरळ सांगा की. सात वर्षं इथे काम केलं, तोंडावर बोललेलं ऐकायची हिंमत आहे मला."

"शेठला नाही दाखवत."

"मग काय करता ह्यांचं?"

तो दारातून आत आला. मग म्हणाला, "खातो."

"काय?"

"खातो. घरी नेतो, पिकवतो, नखाची जागा सुरीने काढून टाकतो, बाकीचा खातो. आई विचारते, तुला एवढे चिकू कधीपासून आवडायला लागले... शेठला रोज आकडा द्यायचा असतो, किती चिकूंना नख लागलं त्याचा. ह्या टेबलावर प्रत्येकीचं नख मी ओळखतो आता. तुमचे तेवढे... मी आकड्यात धरत नाही."

वाडीत कुठेतरी बुलबुल ओरडत होता. संगिताला राग आला. आणि त्या रागाच्या मागे दुसरंच काहीतरी हळूच येऊन उभं राहिलं, त्याच्याकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"माझी चूक तुमच्या पोटात कशाला?" ती म्हणाली. "बायजीची धरता, सुकीची धरता, माझी लपवता? उद्या त्या गेल्या आणि मी राहिले, तर कुठल्या तोंडाने टेम्पोत बसू?"

"हा विचार... मी केला नव्हता."

"आणि वहीत काय आहे?"

त्याने वही काढून तिच्या हातात दिली. नावं होतीच. प्रत्येक नावापुढे वेळ. बायजी, दोन वाजून दहा मिनिटं. सुकी, सव्वादोन. रूपी, दोन-वीस. संगिता, दोन-पंचवीस. रोज जवळजवळ त्याच वेळा.

"हे काय?"

"डोळे मिटायला लागतात ती वेळ," उमेश म्हणाला. "नखं पण तेव्हाच लागतात. सकाळी क्वचित एखादं. तुम्ही लोक झोपता कधी, संगिता?"

असं कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. दोन महिने पाड्यावर कुणी घरात झोपलं नव्हतं. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा. सरकारी तंबूत थंडी वाजायची, आणि तंबू नाही मिळाला ते मोकळ्यावर. डोळा लागला न लागला तोच खालून गुरगुर. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे कान जमिनीला लावून पडलेले.

"झोपतो कुठे," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "ऐकत पडतो."

*

बायका पेले धुऊन परतल्या तेव्हा संगिताने पिशवी टेबलावर रिकामी केली. सात चिकू.

"हे माझे," ती म्हणाली. "सातही. मीच तुम्हाला शिकवलं की नख लावायचं नाय, आणि मीच लावते. झोप येते, डोळ्यांवर भरवसा राहत नाय, मग खरवडून बघते."

बायजीने समोरच्या ढिगातून एक चिकू उचलला, निरखला, त्या सातांशेजारी ठेवला. "हा माझा." सुकीने दोन ठेवले. रूपीने चार ठेवले आणि रडायलाच लागली. तिची नखं लग्नासाठी वाढवलेली, लांब, लाल.

"जमिनीचा भरवसा नाय राहिला," बायजी म्हणाली, "तर चिकूचा कुठून धरायचा, बाबा? आता चुलीवर भात शिजला तरी दोनदा दाबून बघते मी."

उमेशने ऐकलं, आणि त्याच पावली शेठच्या ऑफिसात गेला. दार उघडंच होतं. शेडपर्यंत सगळं ऐकू येत होतं.

"जेवणानंतर पाऊण तास झोप? धर्मशाळा काढली आहे मी?"

"होळीपर्यंत, शेठ. नाही सुधारलं तर पहिला मी जातो. ठेकेदाराला बोलवायचीसुद्धा वाट बघत नाही. आणि आतापर्यंतच्या आकड्यांत मी काही चिकू धरले नव्हते. चूक माझी. आजपासून सगळे धरतो."

शेठ काय म्हणाले ते हळू होतं. पण उमेश बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ऑफिसातली दोन मोठ्या सतरंज्यांची गुंडाळी होती आणि खिशात एक नेलकटर.

सगळ्यांनी अंगठ्यांची नखं कापली. रूपीने डोळे मिटून हात पुढे केला. "वैशाखापर्यंत येतील ना परत?" तिने दहादा विचारलं. संगिताने आपलं तुटकं नख शेवटी कापलं. उमेश तिकडे बघत होता. तिने विचारलं, "वाईट वाटतंय?" तर तो म्हणाला, "आता घरी काय नेऊ?"

*

सतरंज्या झाडांखाली अंथरल्या. छताखाली कुणाला झोप आली नसती. उमेशने एका रिकाम्या डब्यात खडे घातले आणि तो खाली वाकलेल्या फांदीला बांधला, जमिनीला जेमतेम टेकेल असा.

"जमीन हलली की वाजेल," तो म्हणाला. "आणि मी बसलेला आहेच. तुम्ही झोपा. ऐकायचं काम माझं."

पाच जणी पाच मिनिटांत घोरायला लागल्या. संगिता नाही झोपली. ती पदराआडून त्याला बघत राहिली. वही काढतो का... कुणाला फोन करतो का... तो उलट्या क्रेटवर बसला होता, आणि एक हात खाली सोडून पंजा जमिनीवर टेकवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. पाऊण तास तो हात हलला नाही. दुसऱ्या दिवशीही ती जागी राहिली. तिसऱ्या दिवशीही. हात तिथेच.

चौथ्या दिवशी तिला झोप कधी लागली ते तिलाच कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर सावली होती. तिच्या आणि सूर्याच्या मध्ये कुणीतरी तीन क्रेट एकावर एक रचून ठेवले होते. कुणीतरी, म्हणजे दुसरं कोण.

"झोपलात एकदाच्या," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं आधी झोपत नव्हते?"

"पदर बारीक आहे. डोळे दिसतात आरपार." मग जरा थांबून, "मलाही रोज नख लावून बघत होतात ना तुम्ही?"

त्या दिवशी टेबलावर तिचा अंगठा चिकूवरून असा फिरला, जसा भूकंपांआधी फिरायचा — हलका, भुकटी उडवत, एकदाच. बायजीने ते बघितलं आणि आपलाही हात सैल सोडला. मग सुकीने. आणि एक दिवस असा आला की संध्याकाळी उमेशने सगळी खोकी तपासली, वहीत आकडा लिहिला आणि वही सगळ्यांसमोर धरली. शून्य. रूपीने ते शून्य बोट फिरवून पाहिलं, जणू खोटं असेल.

*

होळीला आठ दिवस होते तेव्हा शेठ शेडमध्ये आले. टेबलाभोवती एक चक्कर मारली. एक चिकू उचलला, नाकाशी नेला, ठेवला.

"दिल्लीवाल्याचा फोन होता," ते म्हणाले. "त्याला संशय आलाय. विचारतो, माणसं बदलली का?"

"मग?" संगिताने विचारलं.

"म्हटलं, त्याच आहेत. दुपारी झोपतात फक्त." शेठ ओठांत हसले. "सतरंज्या राहू द्या. ठेकेदाराला नको म्हणून कळवलंय."

बायजी मटकन खाली बसली. रूपीने सुकीला मिठी मारली. पण शेठ दारातून वळले आणि म्हणाले, "उमेश, सोमवारपासून घोलवडची शेड बघायची. तिथे वीस खोकी सडतात."

संगिताच्या हातातला खोक्यात घालायचा कागद हातातच राहिला. घोलवड काही फार लांब नव्हतं. पण ह्या शेडच्या टेबलाच्या टोकाला तो नसणार, इतकंच... आणि ते इतकंच भलतंच मोठं होतं.

उमेशच्या शेवटच्या दिवशी टेम्पोत बसण्याआधी बायजीने तिचा डावा हात पकडला.

"काय गं, तुझं नख वाढलंय. आमची सगळ्यांची दर रविवारी कापून घेतेस, आणि स्वतःचं?"

"राहिलं असेल."

"राहिलं असेल म्हणे," बायजी रूपीकडे बघून म्हणाली. "आता हिच्यावर लक्ष ठेवायला पायजे."

संगिता परत फिरली. उमेश शेडला कुलूप लावत होता.

"वाटलं होतं, तुम्ही न सांगताच जाल," ती म्हणाली.

"सांगायचं होतं बरंच," तो कुलपाकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. तो क्रेट... तुम्ही धडकलात तेव्हा तो पडला नव्हता. मीच सोडला. तुम्ही पडू नये म्हणून हात मोकळे हवे होते. आणि तुम्ही चिकूंची चौकशी करत बसलात..." किल्ली फिरेना. "मला तुम्हाला ताई म्हणता येत नाही, संगिता. तेव्हाही आलं नाही. पुढेही येणार नाही."

तिने त्याच्या कानांकडे पाहिलं. लाल झाले होते. खोटं बोलणाऱ्याचे कान लाल होतात हे तिने कुठून काढलं होतं, देव जाणे.

पदराच्या गाठीतून तिने एक चिकू काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. टणक, भुकटी उडालेला. सालीवर नखाची ताजी कोर, मधोमध तुटलेली.

"हा आकड्यात धरायचा नाय," ती म्हणाली. "मुद्दाम लावलंय. पाच दिवसांनी पिकेल. तोवर विचार करा — मी डोंगराकडची, तुम्ही बंदरावरचे. आई काय म्हणेल, लोक काय म्हणतील, सगळा. पिकल्यावर पण तेच मनात असलं तर होळीला पाड्यावर या. नसलं तर... खाऊन टाका."

*

पाच दिवस ती रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवून रस्त्याकडे बघत होती. घोलवडला आणखी सहा बाया असतील. त्यांतली एखादी ताई नसेल... तिने स्वतःलाच चापट मारली, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

होळीच्या दिवशी, ऊन कलताना, पाड्याच्या वळणावर एक मोटरसायकल थांबली. उमेश उतरला. तंबूंसमोर बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. रूपी कुठूनशी ओरडली, "आला गं, तुला ताई न म्हणणारा आला." तो सरळ संगितासमोर आला आणि त्याने हातातला छोटा डबा उघडला. आत अर्धा चिकू होता, मधासारखा पिकलेला.

"अर्धाच?" तिने विचारलं.

"एक फोड मी खाल्ली. एक आईला दिली. ती म्हणाली, गोड आहे, उरलेला जिचा आहे तिला दे आणि घरी घेऊन ये." तो थांबला. "नखाची बाजू काढून टाकली नाही ह्या वेळी. तीच आधी खाल्ली."

तिने हात पुढे केला, आणि तेवढ्यात खालून गुरगुर झाली. तंबूच्या दोऱ्या थरथरल्या, कोंबड्या उडाल्या, कुणीतरी पोरांना हाका मारल्या.

संगिता पळाली नाही. डब्यातला अर्धा चिकू सांडू नये म्हणून तिने त्याचा हात धरला होता. जमीन थांबली, तरी तो धरूनच ठेवला.